परशुरामाचा एक्का

पत्ता हा खेळायचा कीं वाचायचा, हा प्रश्न मराठी घरांतून पूर्वीं कधीं नव्हता इतका हल्लीं उपस्थित होऊं लागला आहे. पुण्यामुंबईकडे 'टॅरो' नांवाच्या पाश्चात्य पत्त्यांवरून भविष्य सांगणारांचा एक नवा वर्ग निर्माण झाला आहे. आणि ज्या सुशिक्षित कुटुंबांत कुंडली मांडून बसणें मागासलेपणाचें समजतात, त्यांच्याच दिवाणखान्यांत मुलीच्या लग्नाविषयीं किंवा मुलाच्या परदेशगमनाविषयीं एखादें पान ओढून पाहण्यास कोणाला संकोच वाटत नाहीं. या प्रकाराच्या खरेखोटेपणाची चर्चा करण्याचें येथें प्रयोजन नाहीं. पानांत भविष्य नसतें, एवढें म्हणून तो विषय मी सोडून देतों. परंतु या निमित्तानें अर्थ लावण्याची जी एक सवय पसरत चालली आहे तिच्याकडे टीकाकारानें दुर्लक्ष करूं नये. ती सवय म्हणजे चित्राला त्याच्या जागेवरून उचलावयाचें, त्याच्या सोबतच्या चित्रांपासून तोडावयाचें, आणि लगेच 'यांत माझ्यासाठीं काय आहे?' असें विचारावयाचें. प्रश्न वाईट नाहीं. कवितेला, मूर्तीला, देवळाच्या खांबावरील शिल्पाला आपण मनांतल्या मनांत हाच प्रश्न विचारीत असतों. मात्र तो विचारण्याआधीं त्या चित्राचा स्वतःचा प्रपंच काय आहे, हें पाहण्याची तसदी घ्यावी लागते.

मी ती तसदी एका देशी पानाच्या बाबतींत घेऊं इच्छितों. तें पान म्हणजे सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांतील परशुरामाच्या रंगाचा एक्का. ही निवड सर्वस्वीं निर्हेतुक नाहीं. बोर्ली पंचतनसारख्या गांवीं राहणाराला, ज्याच्या पायाखालच्या भूमीला लोक सरसकट परशुरामक्षेत्र म्हणतात आणि ज्याला दिवेआगरचा समुद्र घटकाभराच्या वाटेवर आहे, त्याला हें पान पाहून जें वाटेल तें घाटावरच्या माणसाला वाटेलच असें नाहीं. काय वाटतें याहून तें कां वाटतें, हें तपासण्यांत मला अधिक गोडी आहे.

गंजिफा हा शब्द ज्यांनीं केवळ पेशवाईवरील कादंबऱ्यांतून ऐकला असेल, त्यांच्यासाठीं थोडें सांगणें अवश्य आहे. हा खेळ इराणाकडून मोगलांबरोबर आला. बाबरानें १५२७ मध्यें सिंधच्या शाह हसनाकडे गंजिफा पाठविल्याचें स्वतःच्या आत्मवृत्तांत लिहून ठेवलें आहे, आणि अबुल फजलानें 'आईन-इ-अकबरी'त अकबराच्या बारा रंगांच्या जोडाचें वर्णन केलें आहे. पुढें रूढ झालेला मोगली जोड आठ रंगांचा, ९६ पानांचा. त्यांतील चिन्हें ताज, तलवार, गुलाम, नाणें अशीं सगळीं दरबाराचीं व खजिन्याचीं. हिंदु कारागिरांनीं तोच सांगाडा घेऊन त्यांत विष्णूचे दहा अवतार बसविले. दहा रंग, दर रंगास राजा, प्रधान आणि एक ते दहा अशीं बारा पानें, मिळून १२०. मत्स्याच्या रंगावर मासे, कूर्माच्या रंगावर कासवें, वामनाच्या रंगावर कमंडलु किंवा छत्री, परशुरामाच्या रंगावर परशु. दरबार जाऊन पुराण आलें. पण राजा आणि प्रधान आपल्या जागीं तसेच राहिले. ज्याला आपण धार्मिक कला म्हणून हात जोडतों तिची चौकट कित्येकदां अशी दुसऱ्याकडून उसनी आणलेली असते, आणि त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं.

पान गोल असतें. कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीनें एकावर एक चिकटवून वाळवायचे, गोल तुकडे कापायचे, खडूचा लेप देऊन दगडानें घोटायचे, रंगवायचे आणि वरून लाखेचा हात द्यायचा, अशी त्याची कृति आहे. सावंतवाडींत हें काम चितारी घराण्यांकडे चालत आलें. लाकडी खेळणीं आणि हुबेहूब रंगविलेलीं लाकडी फळें करणारी मंडळीही तीच. छापील पत्ते स्वस्त झाले तेव्हां ही कला मरणपंथास लागली. १९७० नंतरच्या दशकांत सावंतवाडीचे शिवरामराजे भोंसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनीं एका वृद्ध चिताऱ्याकडून ती शिकून घेऊन राजवाड्यांतच तिला पुन्हां उभी केली. सत्त्वशीलादेवी २०१८ मध्यें निवर्तल्या. काम आजही चालू आहे.

आतां एक्क्याकडे वळूं. राजाच्या पानावर स्वतः अवतारपुरुष असतो, प्रधानाच्या पानावरही मनुष्याकृति असते. संख्येच्या पानांवर मात्र माणूस नाहीं. दश्शीवर दहा परशु दाटीवाटीनें मांडलेले असतात, नव्वीवर नऊ, आणि असें उतरत उतरत एक्क्यावर आलें म्हणजे एकच उरतो. माझ्यापुढच्या जोडांत जमीन तांबडी आहे, दांडा पिवळा, पातें पांढरें, आणि कडेनें एक बारीक वेलबुट्टी फिरली आहे. हत्यार धरणारा हात नाहीं, समोर शत्रु नाहीं, रक्ताचा थेंब नाहीं. चिताऱ्यानें पात्याची धारसुद्धां फारशी दाखविलेली नाहीं; परशु बाजारांत मांडून ठेवावा तसा तो निवांत आहे. या निवांतपणामुळेंच पाहणाराला तो थोडा अस्वस्थ करतो, असा माझा अनुभव आहे. सहस्रार्जुनाशीं लढणारा परशुराम ज्या चित्रांत दिसतो तेथें कोणी कोणाला मारलें तें आपल्याला कळतें, आणि कळलें म्हणजे आपण सुटतों. येथें परशु कोणाचाही असूं शकतो.

परंतु पान ओळखण्यासाठीं तें नुसतें पाहून भागत नाहीं. गंजिफांत हुकुमाचा रंग नसतो. एका रंगाचें पान दुसऱ्या रंगाच्या पानाला मारीत नाहीं. माशाला परशूचें भय नाहीं आणि परशूला चक्राचें नाहीं. भांडण जें काय होतें तें आपल्याच रंगांत, आपल्याच भाऊबंदांत. बहुधा तिघे खेळाडू, प्रत्येकाच्या हातीं ४० पानें. आणि कोणतीं पानें पडून गेलीं याचें स्मरण ज्याला राहील तोच जिंकेल. पानाची किंमत अशी वेळेवेळेला बदलत असते. परशुरामाचा राजा आणि प्रधान बाहेर असतील तोंवर एक्का हा केवळ एक उमेदवार. ते दोघे पडले कीं तो त्या रंगाचा धनी. त्याचा अर्थ त्याच्या अंगावर लिहिलेला नाहीं, तो आधींच्या हातांनीं ठरविलेला असतो.

याहून मौजेची गोष्ट संख्यांच्या क्रमाची आहे. सामान्य रीत अशी कीं मत्स्यापासून वामनापर्यंतच्या पांच रंगांत प्रधानाखालीं दश्शी मोठी आणि एक्का सर्वांत हलका; आणि परशुरामापासून कल्कीपर्यंतच्या पांच रंगांत हाच क्रम उलटा, म्हणजे प्रधानाच्या लगेच खालीं एक्का आणि दश्शी सर्वांत तळाला. दहा मासे एका माशाला खातात, परंतु एक परशु दहा परशूंना भारी. मोगली जोडांतही निम्मे रंग सुलटे व निम्मे उलटे असतात, तेव्हां ही युक्ति अवतारकथेंतून निघालेली नाहीं हें उघड आहे. ज्यानें प्रथम अवतार या चौकटींत बसविले त्यानें फार तत्त्वज्ञान केलें असेल असें मला वाटत नाहीं. दहा नांवें क्रमानें मांडलीं आणि मध्यें रेघ ओढली, इतकेंच. पण रेघ पडली ती नेमकी परशुरामापाशीं. मत्स्य, कूर्म, वराह हे प्राणी, नृसिंह अर्धा, वामन मनुष्य खरा, पण बटु, आणि पाऊल उचलतांच विश्वाएवढा होणारा. पुरता, जन्मापासून मनुष्यच असलेला, आईबापांच्या घरीं वाढलेला आणि त्या घरांतच पोळलेला असा पहिला अवतार परशुराम. तेथेंच मोजणी उलटते आणि संख्येपेक्षां एकट्याचें वजन अधिक होतें. योजून केलेल्या रूपकापेक्षां असें आपोआप जुळून आलेलें रूपक मला नेहमीं जास्त विश्वासार्ह वाटतें. त्यांत कोणाचा उपदेश मिसळलेला नसतो.

टॅरोच्या अभिमान्यांना येथें एक आठवण द्यावीशी वाटते. त्यांचें दैवतही मूळचें खेळाचेंच पान आहे. पंधराव्या शतकांत मिलान व फेरारा येथील सरदारघराण्यांत हा ७८ पानांचा जोड खेळण्यासाठीं निघाला, आणि तीन शतकें लोक त्यानें पैसे लावून खेळले. त्यांत ईजिप्तच्या पुरोहितांचें गुप्तज्ञान सांठविलेलें आहे ही कल्पना कूर द झेबलां या फ्रेंच पंडितानें १७८१ मध्यें प्रसिद्ध केली. तोंपर्यंत ईजिप्तची चित्रलिपि वाचतां येणारा मनुष्य युरोपांत एकही नव्हता, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या पांडित्याची किंमत कळते. मायकेल डमेट या इंग्रज तत्त्वज्ञानें १९८० च्या आपल्या ग्रंथांत हा सारा इतिहास इतक्या बारकाईनें उलगडून दाखविला आहे कीं पुनः त्यावर वाद घालण्याचें कारण उरत नाहीं.

मात्र या दोन परंपरांची तुलना एका पानापुरती करण्यासारखी आहे. टॅरोचें तेरावें पान मृत्यूचें. फ्रान्सांत मार्सेयच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या जुन्या जोडांत त्यावर एक सांगाडा लांब दांड्याचें गवत कापण्याचें हत्यार घेऊन वांकला आहे, आणि जमिनीवर मुंडकीं व हातपाय पसरले आहेत. पुष्कळ जोडांत इतर पानांवर नांवें असून या एका पानाला नांवच लिहीत नसत. पुढें १९०९ मध्यें लंडनच्या रायडर प्रकाशनानें ए. ई. वेट यांनीं योजलेला आणि पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्त्रीनें काढलेला जोड बाजारांत आणला. आपल्याकडे हल्लीं दिसतो तो हाच किंवा याच्या नकला. त्यांत मृत्यु काळें चिलखत घालून पांढऱ्या घोड्यावर बसून आला आहे. वाटेंत राजा मरून पडला आहे, धर्मगुरु विनवीत उभा आहे, एक मूल टक लावून पाहत आहे, मागें दोन मनोऱ्यांच्या मध्यें सूर्य आहे. चित्र म्हणून तें फार सुंदर आहे, आणि पामेलाबाईंच्या रेषेचा मी चाहता आहें. पण त्या घोडेस्वाराच्या हातांत हत्यार नाहीं. त्याच्या हातांत ध्वज आहे, ध्वजावर पांढरें गुलाबाचें फूल. मजुराच्या हातचें अवजार काढून घेऊन त्याला मानकरी केलें, आणि त्याबरोबर मृत्यु ही एक भारदस्त कल्पना झाली. आज पान वाचणारा गिऱ्हाइकाला प्रथमच धीर देतो कीं, घाबरूं नका, याचा अर्थ मरण नव्हे, परिवर्तन. ज्याच्या घरांत नुकतें कोणी गेलें आहे त्याला परिवर्तन हा शब्द ऐकवून पाहावा. अप्रिय पानाला गोड अर्थ चिकटविण्याची ही जी रीत आहे, ती मला भोंदूपणापेक्षांही अधिक खुपते. भोंदूपणानें पैसे जातात, हिनें दुःखाला दुःख म्हणण्याची बुद्धि जाते.

गंजिफांचा परशु या बाबतींत सरळ आहे. तेथें अवजार राहिलें आणि मनुष्य गेला.

आतां हा परशु कोणता? कोंकणांत कोणालाही विचारा, तो सांगेल कीं परशुरामानें समुद्र मागें हटवून ही भूमि निर्माण केली. तेव्हां एक्क्यावरचें हत्यार म्हणजे आपल्या देशाचें जन्मचिन्ह, असें वाटणें स्वाभाविक आहे, आणि पुष्कळ हौशी लेखकांनीं तसें लिहिलेंही आहे. पण कथा जरा नीट ऐकावी. केरळांत परशुरामानें परशु फेंकला आणि तो पडला तेथवर समुद्र हटला, असें सांगतात. आमच्या किनाऱ्यावर रूढ असलेल्या कथेंत तो सह्याद्रीवरून बाण सोडतो. महाभारताच्या शांतिपर्वांत तर फेंकणें नाहीं कीं सोडणें नाहीं. सारी पृथ्वी कश्यपाला दान दिल्यावर त्याला स्वतःला उभें राहण्यास जागा उरली नाहीं, तेव्हां समुद्रानेंच त्याच्यासाठीं शूर्पारक नांवाचा प्रदेश मोकळा करून दिला, असें आहे. आणि कालिदासानें 'रघुवंशा'च्या चौथ्या सर्गांत अपरांताच्या स्वारीचें वर्णन करतांना रामाच्या अस्त्रानें दूर सारलेला समुद्र रघूच्या पसरलेल्या सैन्यामुळें पुन्हां सह्याद्रीला येऊन चिकटल्यासारखा दिसला, अशी कल्पना केली आहे. तेथें शब्द 'अस्त्र' असा आहे. बाण कीं परशु हें त्यानें सांगितलें नाहीं. कवि मोठा चतुर. पण कोंकणच्या कथेपुरतें पाहिलें तर भूमि बाणानें मिळाली, परशूनें नव्हे. परशूचें काम दुसरें होतें.

तें काम काय तें सर्वांना ठाऊक आहे, पण त्यांतला अर्धाच भाग मोठ्यानें सांगितला जातो. बापाच्या वधाचा सूड म्हणून एकवीस वेळां पृथ्वी निःक्षत्रिय केली, हें सांगतांना छाती फुगते. परंतु महाभारताच्या वनपर्वांत त्या आधींची एक कथा आहे: जमदग्नीनें क्रोधाच्या भरांत मुलांना आईचा वध करण्याची आज्ञा केली, थोरल्यांना तें होईना, आणि धाकट्या रामानें परशु घेऊन रेणुकेचें मस्तक उडविलें. म्हणजे अवताराच्या चरित्रांत या परशूचा घाव आधीं घरांत पडला. आणि हीच रेणुका माहूरला महाराष्ट्राची देवी होऊन बसली आहे. एकाच देवघरांत आईची पूजा करावयाची आणि जेवणानंतर ओटीवर बसून तिच्यावर उठलेला परशु हातांत धरून डाव टाकावयाचा, यांत आपल्या पूर्वजांना विसंगति वाटली नाहीं. ती त्यांची बेफिकिरी होती कीं समजूत होती, यावर मी अजून निर्णय करूं शकलों नाहीं.

परशुरामाच्या नांवाभोंवतीं जो एक जातीय अभिमान गोळा झाला आहे त्याविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. 'सह्याद्रिखंडां'तील चित्पावनांच्या उत्पत्तीची कथा प्रसिद्धच आहे. तिच्या एका प्रकारांत समुद्रानें कांठाला लावलेल्या मृतदेहांना परशुराम सजीव करतो. आतां याच किनाऱ्यावर बेने इस्राएल लोक शतकानुशतकें राहिले, आणि त्यांची परंपरा सांगते कीं त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगांवपाशीं फुटलेल्या गलबतांतून वांचले. दोन्ही समाज समुद्रानेंच किनाऱ्याला आणून टाकले. दिवेकर हें आडनांव दोघांतही आहे. आमचा हा भाग १९४८ पर्यंत जंजिऱ्याच्या हबशी नबाबाच्या राज्यांत होता. बोर्लींत देऊळ आहे तशी मशीदही आहे, आणि मासा कोळ्याच्या जाळ्यांतून सर्वांच्या घरीं सारखाच येतो. ज्या भूमीवर इतके लोक समुद्रानें उतरविले, ती एका पुरुषानें एका जातीसाठीं मिळविली असें म्हणणें ही त्या पुरुषाचीच मानहानि आहे. त्यानें तर मिळविलेलें सगळें दान केलें होतें.

म्हणून एक्क्यावरच्या परशूंत मी भूमीचा जन्म पाहत नाहीं. मला त्यांत जें दिसतें त्याला मराठींत एक जुनी म्हण आहे: कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. पातें लोखंडाचें, परकें. पण तें चालतें ज्या दांड्यावर तो झाडाचाच. चिताऱ्यानें पातें पांढरें ठेवून दांड्याला पिवळा, ठसठशीत रंग दिला आहे, आणि पान हातांत घेतलें कीं दृष्टि आधीं दांड्यावर जाते. म्हणीचा अर्थ आपण नेहमीं घरभेद्याला लावतों. परंतु २०२० सालापासून मी तो तेवढ्यावर ठेवूं शकत नाहीं.

त्या वर्षीं ३ जूनच्या दुपारीं 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढलें. वाऱ्याचा वेग ताशीं ११० ते १२० किलोमीटर होता असें हवामान खात्यानें नोंदविलें. श्रीवर्धन, दिवेआगर आणि आमचा हा टापू त्याच्या तडाख्यांत होता. श्रीवर्धनी रोठा ही सुपारी ज्या वाड्यांतून होते त्या पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ हें बारीक सरळ झाड. वाऱ्यानें तें उन्मळण्याआधीं मधूनच मोडतें, आणि एक मोडलें कीं शेजारच्याला घेऊन पडतें. नारळ, आंबे, फणस घरांवर, विहिरींवर, वाटांवर पडले. वीज नव्हती, दूरध्वनि नव्हता, साथीच्या रोगामुळें बाहेरगांवचीं माणसें येऊं शकत नव्हतीं. त्यानंतर कित्येक दिवस पहाटेपासून एकच आवाज कानीं येत असे, तो कुऱ्हाडीचा. यांत्रिक करवती मागाहून आल्या. ज्यानें तो आवाज ऐकला आहे त्याला त्यांतला फरक सांगावा लागत नाहीं. जंगलांत कोणी लांकूड तोडतो त्याचा ठोका मोकळा असतो. हा तसा नव्हता. मनुष्य आपल्या बापानें लावलेलीं झाडें तोडीत होता, तोडल्याशिवाय अंगणांतून रस्त्यापर्यंत जातां येत नव्हतें, आणि प्रत्येक ठोक्यागणिक आपण काय तोडतों आहों हें त्याला ठाऊक होतें. नव्या पोफळीला फळ धरावयास सहा-सात वर्षें लागतात. साठी उलटलेला वाडीवाला हा हिशेब बोटांवर करीत नाहीं, कारण तो त्याला पाठ असतो.

आज्ञा बापाची असो कीं वाऱ्याची, हातांत परशु आल्यावर आपल्याच माणसावर तो चालविण्यावांचून जेथें गति नसते, त्या प्रसंगाचें हें पान आहे, असा मी त्याचा अर्थ करतों. तो माझा अर्थ आहे. दुसऱ्या वाचकाला त्यांत आपल्या घराची वांटणी दिसेल, किंवा थोरल्यांनीं नाकारलेलें आणि धाकट्याच्या गळ्यांत पडलेलें एखादें काम दिसेल. मी एवढाच आग्रह धरीन कीं हे सगळे अर्थ परशूच्या कथेंतून आणि खेळांतल्या त्याच्या जागेंतून निघाले पाहिजेत. माहितीपुस्तिकेंत छापून आलेले नकोत.

कथेचा शेवटही यांत धरला पाहिजे. आज्ञा पाळल्यावर जमदग्नीनें वर माग म्हटलें, तेव्हां परशुरामानें मागितलेल्या वरांत आई जिवंत व्हावी हा एक होता, आणि आपल्याला मारल्याची आठवण तिला राहूं नये हा दुसरा. व्यासांच्या या एका बारकाव्यापुढें मला पुष्कळ शोकांतिका फिक्या वाटतात. मुलाला आई परत मिळाली, आईला मुलगा मिळाला, आणि त्या दिवशीं काय झालें हें आतां घरांत बापाशिवाय एकट्या त्यालाच नीट ठाऊक. आमच्या वाड्यांतून २०२० नंतर लावलेलीं रोपें आतां पुरुषभर उंच झालीं आहेत. त्यांना कांहीं आठवत नाहीं. गंजिफांत जिंकतो तो आठवणारा, हें मागें सांगितलेंच आहे. आठवणाराला डावाबाहेर त्याचा काय मोबदला मिळतो याविषयीं खेळाचे नियम गप्प आहेत.

सावंतवाडीच्या या पानांना आज मागणी आहे ती मुख्यतः भिंतीसाठीं. सुबक चौकटींत एकेक राजा बसवून दिवाणखान्यांत टांगतात. कलावंतांचें पोट त्यावर चालतें, तेव्हां त्याला नांवें ठेवण्याचा अधिकार मला नाहीं. परशुरामाचा राजा कोंकणस्थांच्या घरीं विशेष खपत असेल तर आश्चर्य नाहीं. पण एक्का कोणी चौकटींत लावलेला मीं अजून पाहिला नाहीं, आणि तो लावूं नये असेंच मी म्हणेन. १२० पैकीं एक पान भिंतीवर गेलें कीं उरलेल्या ११९ पानांचा खेळ बंद पडतो. सबंध जोड घ्यावा, महाग पडतो हें मान्य करून घ्यावा, आणि पावसाळ्यांत वीज गेलेल्या एखाद्या रात्रीं घरांतल्या तिघांनीं तो पिसून बसावें. मुलांना दहा रंग ओळखतां येईपर्यंत दोन-तीन डाव फुकट जातात, आणि उलट्या रंगांचा क्रम तर थोरांनाही लवकर साधत नाहीं. दश्शी टाकून ऐटींत बसलेल्या माणसाला समोरच्यानें एक्का दाखविला कीं जी तोंडें पाहावयास मिळतात तीं पाहण्यासारखीं असतात.

बसतांना एक गोष्ट लक्षांत ठेवावी लागते. डाव दिवसा असेल तर पहिली उतारी रामाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याची, रात्रीं असेल तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याची. परशुरामाकडे आरंभ कधींच येत नाहीं. त्याचीं पानें हातांत धरून वाट पाहावी लागते.